ढेरी, साखर आणि तिशी-चाळिशीतला आतड्याचा कॅन्सर

ताम्हिणी

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आले की आमच्या मजल्यावर दोन दिवस तोच विषय. कुणाचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) किती, कुणाचं लिव्हर फॅटी, ग्रेड वन की टू. बहुतेक जण तिशी-पस्तिशीतले, त्यामुळे सगळं हसण्यावारी जातं आणि चार वाजता खाली वडापाव. यंदा शेजारच्या टीममधल्या एका मुलाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वय ३६. दारू नाही, सिगारेट नाही, मटण सणावारी. "मग याला कसा झाला?" असं जो तो विचारतोय आणि जो तो आपापला आवडता खलनायक पुढे करतोय: मायक्रोवेव्ह, प्लास्टिकचे डबे, फ्रीजमधली कणीक.

एका माणसाला का झाला याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण एका पिढीत का वाढतोय यावर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१७ साली निघालेला निष्कर्ष असा: १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या मानाने, त्याच वयात कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट. चाळीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत, राहणी बदलते. तिथे पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये हा आजार १९९० च्या दशकाअखेरीस चौथा होता, आता पहिला आहे. म्हणून २०२१ पासून तिथे सर्वसाधारण माणसाची तपासणी पन्नासऐवजी ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगतात.

आता ढेरीकडे येते. अमेरिकेतल्या नर्सेसचा एक मोठा, वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास आहे. त्यात लठ्ठ स्त्रियांना पन्नाशीच्या आत हा कॅन्सर होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. रोज दोन किंवा जास्त गोड पेयं पिणाऱ्यांना, आठवड्यात एकही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून थोडा जास्त. दिवसाला दोन तासांहून जास्त टीव्हीसमोर बसणाऱ्यांना साधारण ७० टक्के जास्त. आणि विम्याच्या नोंदींवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात रक्तदाब, साखर, चरबी, वजन यांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी बिघडलेल्यांमध्ये सुमारे ३१ टक्के जास्त.

माझा मुद्दा एवढाच की पोटाचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड हे आकडे आपण 'हार्ट आणि डायबेटिसचे' म्हणून फाइलला लावतो. ते आतड्याचेही आहेत. जाणकारांनी लिहावं.

बटाटेवडा

माझ्या नावाने बोंब मारायला धागा काढलाय असं वाटून आत आलो. तसंच निघालं.

दशांशचिन्ह

धागा चांगला आहे, पण 'दुप्पट' वाचून लगेच पोटावर हात ठेवू नका. कशाच्या दुप्पट ते आधी विचारा.

लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये २०२४ च्या डिसेंबरात ५० देशांची तुलना आली होती. २५ ते ४९ वयोगटात हा आजार २७ देशांत वाढतोय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण कोरिया ही वरची मंडळी. तळाशी कोण? भारत, लाखात साधारण साडेतीन. म्हणजे एखाद्याचा धोका दुप्पट झाला तरी वर्षाला लाखात सात. मूळ आकडा लहान असला की टक्केवारी फार भीतीदायक दिसते.

दुसरी एक गंमत नेहमी होते. टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांच्या एका अभ्यासात सरासरी वय ४७ निघालं. अमेरिकेत सरासरी साठीच्या पुढे. लगेच बातमी: 'भारतीयांना वीस वर्षं आधी कॅन्सर'. अहो, आपला देशच तरुण आहे. जिथे सत्तरी गाठणारेच कमी, तिथे रुग्णांचं सरासरी वय कमीच येणार. शिवाय तरुण रुग्ण गाव सोडून परळपर्यंत येतात, म्हाताऱ्याला गावातच ठेवतात. सरासरी वयावरून काही ठरत नाही. वयोगटानुसार दर बघायचा, आणि तो दर वर्षागणिक कुठे चाललाय ते बघायचं.

ताम्हिणी

@दशांशचिन्ह, पटलं. पण मग तुमचं म्हणणं काय, आपण निवांत राहायचं?

दशांशचिन्ह

नाही. निवांत राहू नये याचं कारण मात्र वेगळं आहे. भारतातून ब्रिटन, सिंगापूर, अमेरिकेत गेलेल्यांमध्ये हा दर इथल्यापेक्षा वर जातो. म्हणजे आपल्याला जन्मजात कवचकुंडलं वगैरे नाहीत, राहणी बदलली की दर बदलतो. आणि राहणी बदलायला आता विमानात बसावं लागत नाही. हिंजवडीला गेलं तरी पुरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे निघाले. पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत. कॅन्सर या सगळ्याच्या मागून, दहा-वीस वर्षांनी येतो. आज लाखात साडेतीन आहे हा कालच्या राहणीचा हिशोब झाला.

एडिसनकर

न्यूजर्सीहून लिहितेय. इथे पंचेचाळिशी झाली की डॉक्टर कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीचा, धोशाच लावतात. आमच्या मंडळातल्या गणपतीत आता गुडघ्यांबरोबर हाही विषय असतो! नवऱ्याची केली, दोन पॉलिप (अस्तरावर वाढलेले कोंब) निघाले, तिथल्या तिथे काढले. आम्ही पूर्ण शाकाहारी. सासूबाईंचा अजून विश्वास बसत नाही, "मांस न खाणाऱ्याला कसं होईल?"

त्यांचं अगदीच चूक नाही. प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम, सलामी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली पहिल्या, म्हणजे 'नक्की कॅन्सरकारक', गटात टाकलं. रोज ५० ग्रॅममागे धोका १८ टक्के वाढतो असा त्यांचा अंदाज. साधं लाल मांस एक पायरी खाली, 'बहुधा' या गटात. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांवरच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांना धोका २२ टक्के कमी दिसला. कमी दिसला म्हणजे शून्य नव्हे. आमच्या घरच्या 'शाकाहारात' सकाळी सीरियल, दुपारी पास्ता, संध्याकाळी फरसाण आणि नवऱ्याचा डाएट नसलेला सोडा असायचा. भाजी रात्री, तीही बटाट्याची.

मुळामुठा

वजनकाट्यावर विसंबून असलेल्यांसाठी पुण्याचीच एक गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यडकिन या दोन शास्त्रज्ञांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर यडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. त्या जोडीला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, असा आपल्याकडचा बांधा. याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचाही अभ्यास केला. बाळं वजनाने हलकी, पण चरबी राखून असलेली.

याचा आतड्याच्या कॅन्सरशी थेट संबंध त्या कामात तपासलेला नाही, हे आधीच सांगतो. पण ताम्हिणीताईंनी दिलेला नर्सेसचा अभ्यास बहुतेक गोऱ्या बायकांवरचा आहे. त्यातला 'लठ्ठ' म्हणजे बीएमआय ३० च्या वर. आपल्याकडे २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, त्याचं कारण हेच. तेव्हा '२६ म्हणजे मी तर मधलाच' असं म्हणून सुटायचं नाही.

बटाटेवडा

मी २७.४. निरोप घेतो.

टाकादोरा

पेशाने सर्जन, सांगली जिल्हा. उशिरा आलो, ओपीडी होती.

आधी घेर कसा मोजायचा ते, कारण निम्मे लोक पँटचा नंबर सांगतात. ढेरीच्या खाली पट्टा बांधणाऱ्याचा नंबर वीस वर्षं ३४ च राहतो. टेप बरगडीची शेवटची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर. त्याच्या वर गेलात की पहिली खूण. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, दुसरी. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या खाली, तिसरी. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, चौथी. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, पाचवी. पाचांपैकी तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. या धाग्यावरच्या बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये तीन जुळतील आणि त्यांना कुणी ते एकत्र वाचून दाखवलेलं नसेल.

आता याचा आतड्याशी संबंध काय. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. शरीरात इतक्या वेगाने बदलणाऱ्या जागा थोड्याच. पेशी जितक्या वेळा दुभंगते तितक्या वेळा चूक व्हायची संधी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठली की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं. इन्शुलिनचं काम नुसतं साखर पेशीत ढकलण्याचं नाही, ते 'वाढ' हाही निरोप देतं. त्याच्याच नात्यातलं आयजीएफ-१ हे द्रव्यही तोच निरोप देतं. शिवाय ती आतली चरबी सतत मंद दाह पेटता ठेवते. बिघडलेली पेशी मरायला हवी ती मरत नाही, आणि वाढायला खतपाणी मिळतं. पॉलिपपासून कॅन्सरपर्यंत साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे चाळिशीत निघालेल्या गाठीची सुरुवात तिशीत, कधी त्याही आधी झालेली असते. त्या नर्सेसच्या अभ्यासातच १३ ते १८ या वयात रोज एका गोड पेयामागे पुढे धोका ३२ टक्के वाढलेला दिसतो. पोराच्या हातात रोज बाटली देणाऱ्यांनी हे वाचावं.

जागरण_गोंधळ

डॉक्टर, रात्रपाळीचं काय? मी आठ वर्षं अमेरिकन वेळेत काम करतोय. रात्री दोनला जेवण, पहाटे चहा-क्रीमरोल, सकाळी सातला झोप.

टाकादोरा

रात्रपाळी 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात आहे. २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवली. त्यात स्तन, प्रोस्टेट आणि मोठं आतडं ही तीन नावं आहेत, पण पुरावा मर्यादित असं स्पष्ट लिहिलंय. नोकरी सोडा असं सांगण्याइतका तो भक्कम नाही. तुमच्या बाबतीत मला रात्री दोनचं जेवण आणि क्रीमरोल जास्त खटकतात. पाळी बदलता येत नसेल तर मुख्य जेवण पाळीच्या आधी, आणि मधे भूक लागली तर चणे-फुटाणे, उकडलेलं अंडं, फळ असं काही.

हुरडा

सोलापूरकर बोलतोय. एवढे इंग्रजी अभ्यास कशाला? ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, तुरीचं वरण आणि दिवसभर रानात. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण. त्यात आतड्याचा कॅन्सर शोधावा लागतो. पंजाबातून गहू आला आणि आपली पोटं बिघडली. भाकरीकडे परत चला, विषय संपला.

दशांशचिन्ह

बार्शीचं बरोबर, गव्हाचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत बघा. १०० ग्रॅममागे तंतू ज्वारीत सुमारे १०, बाजरीत साडेअकरा, नाचणीत ११ आणि चक्कीच्या गव्हाच्या पिठात ११ च्या थोडे वर. गहू कुठेच मागे नाही. मागे आहेत मैदा आणि पॉलिशचा तांदूळ, दोन्ही तीनच्या आत. भाकरी सोडून पोळी धरली त्याने बिघडलं नाही, पोळी सोडून पाव, खारी, नूडल्स आणि बिस्किटं धरली त्याने बिघडलं. आणि तुमच्या वर्णनातलं 'दिवसभर रानात' हे अर्धं उत्तर आहे, ते तुम्ही घाईत उरकलंत.

हुरडा

रानात जायला तुम्हाला कुणी अडवलंय?

(तांदळाचं आणि मैद्याचं मान्य. पण चव ज्वारीलाच.)

मुळामुठा

तंतूंवरून आठवलं. २०१५ साली एक भारी प्रयोग झाला होता. पिट्सबर्गचे २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण. दोन आठवडे जेवणाची अदलाबदल. अमेरिकनांना मक्याची लापशी, शेंगा-कडधान्यं, दिवसाला ५५ ग्रॅम तंतू. खेडुतांना बर्गर, फ्राइज. दोनच आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातला दाह आणि पेशींच्या वाढीचा वेग दोन्ही गटांत उलटसुलट झाले. तंतू खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंनी बनवलेलं ब्युटिरेट अडीच पट वाढलं. हे ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचा खुराक. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही आणि टळतही नाही, हे खरं. पण आतडं किती लवकर ऐकतं ते दिसलं.

रोज मोड आलेल्या कडधान्याची एक वाटी उसळ आणि दोन फळं, एवढ्यानेही आपल्याकडच्या ऑफिसवाल्याचे तंतू खूप वर जातील. मटकी महाग नाही.

रानवारा

त्रिफळा आणि वर्षातून एकदा बस्ती. कोठा साफ, रोग माफ. आमच्या आजोबांना ९१ पर्यंत काही झालं नाही.

टाकादोरा

त्रिफळ्याने बद्धकोष्ठ कमी होईल, बरं वाटेल, त्याला माझी हरकत नाही. पॉलिप त्याने पडत नाही. तो अस्तराचा भाग असतो, चिकटलेला मळ नव्हे. आजोबांना नमस्कार.

संत्रानगरी

मी नागपूरची. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझ्या लहान भावाला गेल्या वर्षी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. त्याआधी बरेच महिने रक्त जात होतं. घरात सगळ्यांनी 'मूळव्याध' म्हणून सोडून दिलं, तिखट खातो, बसून काम करतो म्हणून. एका दवाखान्यात गेला, तिथे न तपासताच मलम आणि पुड्या दिल्या. मग आव पडू लागली, दिवसातून सात-आठदा जावं लागे, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नसे. सोनोग्राफी केली, नॉर्मल. सगळ्यांचा जीव भांड्यात. शेवटी हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा एका डॉक्टरांनी बोटाने तपासलं आणि तिथेच त्यांचा चेहरा बदलला. तिसरी स्टेज. किमो-रेडिएशन, ऑपरेशन झालं, आता बरा आहे.

त्याचं वजन कधीच फार नव्हतं. पण पोट होतं, साखर काठावर होती आणि कोल्ड्रिंकशिवाय जेवण नाही. त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण हा धागा वाचताना तोच डोळ्यांसमोर येत होता.

ताम्हिणी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. भावाला शुभेच्छा.

टाकादोरा

संत्रानगरी, तुमच्या एका प्रतिसादात माझ्या ओपीडीतली निम्मी फाइल आली. म्हणून सविस्तर लिहितो.

एसटी स्टँडपासून रेल्वेच्या कुंपणापर्यंत 'मूळव्याध-भगंदर, विना ऑपरेशन' रंगवलेलं नाही अशी भिंत दाखवा. मूळव्याध खरोखरच फार जणांना असते, रक्त पडणाऱ्या बहुतेक तरुणांना तीच किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असतं. प्रश्न असा आहे की मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकते, आणि रक्ताचा रंग बघून दोन्हींत फरक करता येत नाही. तरुण रुग्णांत गाठ बहुधा डाव्या बाजूला किंवा गुदाशयात असते. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. एक मिनिटाची तपासणी. ती न करता औषध देणाऱ्याकडून उठून यावं, मग तो कुठल्याही पॅथीचा असो. आणि रुग्णही लाजतात, विशेषतः बायका. त्या दुकानातून मलम आणून वर्षं काढतात.

सोनोग्राफीत पोकळ आतड्याच्या आतलं दिसत नाही. लिव्हर, पित्ताशय, मूत्रपिंडं दिसतात. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आतडं नॉर्मल, हा समज इतका पक्का आहे की मला रोज मोडावा लागतो. तसंच सीईए नावाची रक्ततपासणी. ती निदान झाल्यावर पाठपुराव्याला कामाची. निरोगी माणसाने 'कॅन्सर पॅकेज'मध्ये करून घेण्यात अर्थ नाही.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये पन्नाशीच्या आतल्या पाच हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदी मागे जाऊन पाहिल्या. निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार तक्रारी सापडल्या: पोटदुखी, शौचातून रक्त, जुलाब आणि लोह कमी होऊन आलेला ॲनिमिया. एक असेल तर धोका सुमारे दुप्पट, तीन किंवा जास्त असतील तर साडेसहा पट. यातली लोहाची कमतरता आपल्याकडे फार वाया जाते. बाईला 'पाळीमुळे' म्हणून गोळ्या देतात, पुरुषाला 'जेवत नाही' म्हणून टॉनिक. पुरुषात लोह कमी असेल तर रक्त कुठून जातंय का ते शोधलंच पाहिजे.

एडिसनकर

+१. इथेही तरुणांना टाळाटाळ होतेच बरं. 'ब्लॅक पँथर'चा नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला. निदान झालं तेव्हा तिसरी स्टेज होती. पडद्यावर त्याच्याइतका तंदुरुस्त माणूस दुसरा नसेल.

जागरण_गोंधळ

तोच तर प्रश्न आहे. तंदुरुस्त लोकांना होतोच आहे, तर मग घेर-साखरेचं एवढं का? मध्ये मॅरेथॉनवाल्यांचंही काहीतरी आलं होतं.

दशांशचिन्ह

ते २०२५ चं. १०० लांब पल्ल्याचे धावपटू, वय ३५ ते ५०, त्यातल्या १५ जणांत पुढच्या टप्प्याचे पॉलिप. अपेक्षेपेक्षा बरेच जास्त. पण तुलनेला न धावणाऱ्यांचा गट नव्हता. त्यावरून पळणं सोडू नका, पळणाऱ्याने रक्त दिसलं तर 'पळून होतं असं' म्हणू नये इतकंच.

आणि घेर-साखर हे सगळं स्पष्टीकरण नाहीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये नेचरमध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास आला. काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, त्याचे ओरखडे डीएनएवर राहतात. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हे ओरखडे सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त. आणि ते लहानपणीच, दहाव्या वर्षाच्या आत पडलेले असावेत असा त्यांचा अंदाज. शिवाय साधारण १६ ते २० टक्के तरुण रुग्णांत आईवडिलांकडून आलेला जनुकदोष सापडतो, लिंच सिंड्रोम त्यातला मुख्य. या दोन्हींवर तुमचा काही ताबा नाही. घेरावर आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचं.

ताम्हिणी

हे उत्तर मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकतेय, नाव न घेता.

बटाटेवडा

परत आलो. घेर मोजला. आकडा सांगणार नाही, पण टेप संपली नाही हे नशीब. डॉक्टर, खरंच विचारतो: आता चाळिशीत कमी करून काय उपयोग, सुरुवात तिशीतच झाली म्हणता ना? आणि दूध-ताक चालेल की तेही बंद?

टाकादोरा

उपयोग आहे, आणि त्याचा चांगला पुरावा अगदी उशिराच्या टप्प्यावरचा आहे. कोलनच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेले ८८९ रुग्ण, प्रामुख्याने कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षक लावून व्यायाम करवला. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे भरभर चालणं, दर आठवड्याला आणखी तीन-चार वेळा पाऊण-एक तास. व्यायाम गटात कॅन्सर परतणं किंवा नवा होणं २८ टक्के कमी, मृत्यू ३७ टक्के कमी. आठ वर्षांनी जिवंत ९० टक्के विरुद्ध ८३ टक्के. २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालं. एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर त्याची किंमत लाखांत लावली असती. संत्रानगरी, भावाच्या डॉक्टरांना विचारून त्याला चालायला लावा.

दूध-ताक बंद करू नका. ब्रिटनमध्ये साडेपाच लाख स्त्रियांच्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियममागे, म्हणजे मोठा पेलाभर दूध, धोका १७ टक्के कमी दिसला. साखर घातलेली लस्सी त्यात मोडत नाही. आणि चखणा व चखण्याच्या शेजारचा ग्लास दोन्ही कमी करा. दारूचा आणि आतड्याच्या कॅन्सरचा संबंध वादातीत आहे.

मुळामुठा

तपासणीचं काय? भारतात पंचेचाळिशीला सगळ्यांनी कोलोनोस्कोपी करावी का?

टाकादोरा

सरसकट नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. आपल्याकडचा दर बघता ते समजण्यासारखं आहे. तक्रार नाही, घराण्यात नाही, वय पंचेचाळीसच्या पुढे आणि मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, अशांनी डॉक्टरांशी बोलून शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी एफआयटी तपासणी करायला हरकत नाही. स्वस्त आहे, घरी नमुना घेता येतो. पण डोळ्यांना रक्त दिसत असेल तर एफआयटीत वेळ घालवू नका, सरळ दुर्बीण. वय काहीही असो.

घराण्यात असेल तर नियम वेगळा. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी.

संत्रानगरी

भावाचं निदान ३८ व्या वर्षी. म्हणजे २८ ची अट मी केव्हाच ओलांडली होती, त्याचं निदान झालं तेव्हाच माझी व्हायला हवी होती, मी आत्ता ४१ ची. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सोमवारी नंबर लावते. एक बारीक प्रश्न: ती पोट साफ करायची पावडर ताकात कालवून चालेल का? पाण्यात गिळवत नाही म्हणतो भाऊ.

टाकादोरा

ताक नको, दूध नको. पारदर्शक पाण्यातच. फ्रीजमध्ये गार करा, हवं तर गाळलेलं लिंबू पिळा, नळीने प्या. अर्धी आदल्या रात्री, अर्धी पहाटे, असं विभागून घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं आणि मळमळही कमी होते. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाजी, तीळ, शेंगदाणे, पेरू-टोमॅटोसारखं बियांचं काही नको. कोकम आणि बीटही नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. साखरेची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते आधी विचारून घ्या.

आणि भावाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर एमएमआर नावाची (लिंच सिंड्रोमचा माग काढणारी) तपासणी झाली आहे का ते बघा. नसेल तर त्याच्या गाठीचा जपून ठेवलेला नमुना लॅबमध्ये असतो, त्यावर आत्ताही करता येते. तुमच्या बाकीच्या भावंडांना किती वेळा तपासायचं ते त्यावर ठरेल.